मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलसाठी मुलाने ३१ पाउंड वाढवलेत, त्यातले २५ चरबीचे

नमस्कार मंडळी. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. मुलगा (वय १९, उंची ६ फूट ३ इंच) ओहायोतल्या एका डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये गार्ड खेळतो. चेंडूशी फारसा संबंध नाही. समोरच्या धिप्पाड पोराला क्वार्टरबॅकपर्यंत (आपला चेंडू फेकणारा खेळाडू) पोचू द्यायचं नाही, एवढंच काम.

ऑगस्टमध्ये गेला तेव्हा २३८ पाउंड होता. पुढच्या ऑगस्टपर्यंत २७५ हवेत, असं कोचचं म्हणणं. आता मार्चमध्ये २६९ भरतो.

सुट्टीला आला तेव्हा सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अंगाला लागलं हो कॉलेजचं जेवण!" मीही खूशच होते, खोटं कशाला बोलू. डिंकाचे लाडू मीच पाठवत होते. मग त्याने डेक्सा स्कॅनचे (शरीरातली चरबी मोजणारा एक्स-रे) दोन रिपोर्ट दाखवले. ऑगस्टमध्ये चरबी १९ टक्के, आता २६. कागदावर मांडून बघितलं: चरबी ४५ पाउंडांची ७० झाली, आणि बाकी सगळं मिळून १९३ चं १९९. सात महिने जिममध्ये घाम गाळून सहा पाउंड!

शिवाय घोरतो, पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. घरच्या यंत्रावर बीपी १४२/८८. सासऱ्यांना चाळिशीत मधुमेह झाला, नवऱ्याची साखर काठावर.

खेळू नको असं मला म्हणायचं नाही. पोरगा तिथे खुललाय. (स्कॉलरशिपचाही प्रश्न नाही, डिव्हिजन थ्रीत खेळासाठी ती नसतेच.) पण रात्री दहाला पिझ्झा आणि वर लिटरभर दूध, हा त्याचा 'प्लॅन'. या वाटेने कुणाचं मूल गेलंय का? कोचशी मी बोलावं का?

पुणेरी_फिजिओ: आधी बीपी. एवढ्या जाड दंडाला साधा पट्टा लावला तर आकडा उगाच वर येतो. मोठा पट्टा आणा, चार-पाच दिवस सकाळी बसवून मोजा. तरीही चढा आला तर डॉक्टर. घोरण्यासाठी झोपेची तपासणी करून घ्याच. जाड मानेच्या लाइनमनांमध्ये स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणं) बराच सापडतो. बीएमआयकडे (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) बघू नका, स्नायूवाल्यांच्या बाबतीत तो फसवतो. कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही रेघ धरतात, कारण आपली चरबी पोटात लवकर साठते. क्रिएटिन घेतो का?

धागाकर्ती: हो, ऑक्टोबरपासून.

पुणेरी_फिजिओ: मग त्या सहातलं थोडं पाणीही असेल, क्रिएटिनने स्नायूंत पाणी धरून राहतं. वजनाच्या दर किलोला दीड ते दोन ग्रॅम प्रोटीन पुरे, दिवसभरात विभागून. त्याच्यावर कोंबलेल्या कॅलरींचा स्नायू होत नाही. आठवड्याला अर्धा पाउंड वाढला तरी चिक्कार. पावडरी घेत असेल तर तपासून प्रमाणित केलेल्याच. लेबलवर नसलेलं काही निघालं तर एनसीएए (कॉलेज खेळांची नियामक संस्था) खेळाडूलाच धरते.

क्लीव्हलंडकर: कोचला तुम्ही फोन करू नका. पोरगा सज्ञान आहे, टीममध्ये त्याची टिंगल होईल. त्यालाच रिपोर्ट घेऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे (टीमच्या तब्येतीचं, दुखापतींचं बघणारा) पाठवा, ट्रेनर कोचशी बोलेल. आणि हे वजन कायमचं नसतं. आमच्या क्लीव्हलंड ब्राउन्स टीमचा लाइनमन 'जो' (Joe) थॉमस २०१८ मध्ये निवृत्त झाला आणि पन्नासेक पाउंड उतरवून बसला. पण तो मुद्दाम उतरवावा लागतो.

धागाकर्ती: मोठ्या पट्ट्यावर १३२/८२ आलं, जरा हायसं वाटलं. घेर मात्र १०६. ट्रेनरकडे तो स्वतःच गेला. २७५ ची तारीख पुढे ढकललीय, मे महिन्यात पुन्हा स्कॅन. रात्रीचा पिझ्झा बंद केलाय म्हणतो. पिझ्झाऐवजी वसतिगृहात मायक्रोवेव्हवर होईल असं प्रोटीनचं काही सुचवा. मुगाचं धिरडं तिथे होत नाही, करून बघितलं.