मदत हवी आहे: थायरॉईड असताना बाजरी किती चालते?

आईचं हिमोग्लोबिन कमी आहे आणि थायरॉईडची गोळीही चालू आहे. लोहासाठी बाजरी वाढवावी म्हटलं, तर तिच्यातले काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात असं वाचलं. रोज न देता ज्वारी-नाचणीशी आलटून पालटून कुणी देतं का? नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी नीट अंगी लागत नाही, मग गोळीनंतर नाचणी द्यायला किती अंतर ठेवता?

फायटेट या धान्यातल्याच नैसर्गिक घटकामुळे त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मोड आणते. नाचणीला छान येतात, बाजरी मात्र बुळबुळीत होऊन आंबूस वास मारते. पाणी किती वेळा बदलायचं? कापडात बांधायची की चाळणीत पसरायची?

डॉक्टरांना विचारणारच आहे. ‘मिलेट म्हणजे अमृत’ छापाचे फॉरवर्ड कृपया नकोत, स्वतः केलेलं सांगा.