प्राध्यापक आठवड्याला फक्त १६ तास काम करतात म्हणे!

डोंबिवलीची मास्तरीण: सकाळी इथे एकाने लिहिलंय, प्राध्यापकांना आठवड्याला १६ तास शिकवायचं, वर मे महिन्याची सुट्टी, सातवा वेतन आयोग, तरी प्रॉडक्टिव्हिटी शून्य, कंपनीसारखं टार्गेट लावा. वाचून डोकंच फिरलं. १६ तास हे फक्त वर्गातले, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या त्याच नियमात आठवड्याला किमान ४० तासांचा वर्कलोड आहे. लेक्चर संपलं की नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, ॲडमिशन, सुपरव्हिजन, पेपर तपासणी, आणि एनईपीचा, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाचा, सिलॅबस हातात पडतो तेव्हा टर्म सुरू झालेली असते, मग रात्री घरी वाचायचं आणि सकाळी शिकवायचं. आणि टार्गेट लावून झालंय हो! २०१० ला प्रमोशनसाठी एपीआयचे गुण, म्हणजे कामाचे आणि छापलेल्या संशोधनाचे गुण, मोजायला लागले आणि पैसे घेऊन रिसर्च पेपर छापणारी जर्नल्स कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. यूजीसीला स्वतःच्याच यादीतून २०१८ मध्ये ४३०५ जर्नल्स काढावी लागली, मग केअर लिस्ट, म्हणजे निवडक जर्नल्सची नवी यादी, आणली, २०२५ मध्ये तीही बंद. वाचायला वेळ द्या, मग मोजा काय मोजायचं ते.

ठाणे_आयटी: ती पोस्ट माझीच. माझी मुलगी टीवायला आहे, तिचे सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवतात, त्यात लोकसंख्येचे आकडे २००१ च्या जनगणनेचे! मुलं शेवटी पानांचे फोटो काढतात आणि उठतात. आमच्याकडे असं केलं तर पुढच्या अप्रेझलला घरी बसवतील. ह्यांना कोण विचारतं?

कलिना_जुना: मी रिटायर्ड आहे, दोन्ही बाजू बघितल्यात. पूर्वी प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्सला कलिन्याला, मुंबई विद्यापीठात जायचो, दुसऱ्या कॉलेजातली माणसं भेटायची, तू हा टॉपिक कसा घेतोस यावर कॅन्टीनमध्ये भांडणं व्हायची, खरं शिक्षण तिथेच झालं. आता ऑनलाइन, कॅमेरा बंद, शेवटी क्विझ, सर्टिफिकेट मेलवर. प्रमोशनच्या फायलीला लागतं म्हणून करतात. इतके दिवस ऐकून वर्गातली एक गोष्ट बदलत नाही.

सीएचबी_विरार: रिफ्रेशर, अप्रेझल, प्रमोशन हे सगळं पर्मनंट लोकांचं चाललंय. मी नेट पास, पीएचडी, आणि तासिका तत्त्वावर (सीएचबी). सकाळी वसईत लेक्चर, दुपारी दादरला दुसऱ्या कॉलेजात, डबा लोकलमध्ये. शिकवलेल्या तासाचेच पैसे, तेही कधी येतील सांगता येत नाही, सुट्टीत शून्य. मला रिफ्रेशरला कोण पाठवणार? गेलो तर तेवढे तास बुडाले. आणि मॅडम, राग येऊ दे, पण नॅकच्या फायली शेवटी आमच्याच गळ्यात पडतात.

डोंबिवलीची मास्तरीण: माझ्यावर का घसरताय? भरती मी अडवली का? आमच्या डिपार्टमेंटला रिटायर झालेल्यांच्या जागा भरल्याच नाहीत, त्यांचं काम मीच ओढतेय.

सीएचबी_विरार: तुम्ही अडवली नाहीत, पण मोर्चा निघतो तेव्हा आमची मागणी यादीत सगळ्यात शेवटी असते. डीए आधी. खोटं असेल तर सांगा.

डोंबिवलीची मास्तरीण: खोटं नाही. पण आवाज चढवून बोलू नका.

ठाणे_आयटी: भरतीसाठी वेगळा धागा काढा राव, इथे कामाचा विषय आहे.

सीएचबी_विरार: वेगळा कसा? पुढच्या जूनला आपण ह्याच कॉलेजात असू का, हे ज्याला माहीत नाही तो तीन वर्षांचा विचार करून नोट्स कधी बनवणार? तुमच्या मुलीला निम्मे विषय आमच्यासारखेच शिकवत असतील, विचारा तिला.

ठाणे_आयटी: विचारलं. दोन सर वर्षाच्या मध्येच सोडून गेले म्हणाली. ठीक आहे, तेवढं मानतो. ४० तासांचंही मानतो. पण २००१ च्या आकड्यांवर अजून कुणी बोललं नाही, आणि ते सर पर्मनंट आहेत.

कलिना_जुना: त्याचा बचाव नाहीच. माझ्याही स्टाफरूममध्ये असे होते आणि आम्ही कधी तोंडावर बोललो नाही. एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची पद्धत पाडा, सर्टिफिकेट नको आणि गुणही नकोत.

डोंबिवलीची मास्तरीण: माझ्या वर्गात येऊन बसा, मला चालेल. फक्त त्याचा पुन्हा फॉर्म काढू नका.

सीएचबी_विरार: बसायला येईन, त्या तासाचे पैसे मिळणार असतील तर.