मेंटेनन्सच्या शीटमधले लपवलेले कॉलम

बी-३०४ खजिनदार काका: नमस्कार मंडळी. एप्रिल ते सप्टेंबरच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट वर टाकली आहे. आपापली रक्कम तपासून घ्या. काही चुकलं असेल तर सोमवारपर्यंत कळवा, मंगळवारी बिलं छापायला देणार आहे.

ए-२०२: काका, माझ्या ओळीत बेरीज जुळत नाही. सेवा शुल्क १२,०००, सिंकिंग फंड ९००, दुरुस्ती निधी २,७००. होतात १५,६००. शेवटी एकूण लिहिलंय १६,८००. वरचे १,२०० कसले?

बी-३०४ खजिनदार काका: थांब, बघतो. फॉर्म्युला लावलेला आहे, बेरीज चुकायची नाही.

बी-१०१: माझ्याही ओळीत १,२०० जास्त येतायत.

सी-५०१: काका, फॉर्म्युला बरोबर आहे. शीटच्या वरच्या पट्टीवरची अक्षरं बघा. ए, बी, सी, डी, ई आणि त्याच्यापुढे एकदम के. मधले एफ ते जे असे पाच कॉलम लपवलेले आहेत. एफमध्ये पार्किंग आहे, महिना २००, सहा महिन्यांचे १,२००. कॉलम लपवला तरी बेरीज त्याला धरूनच होते.

ए-२०२: अहो पण मी गाडी मार्चमध्येच विकली! पार्किंगची जागा सोडल्याचं पत्रही दिलंय.

बी-३०४ खजिनदार काका: पत्र माझ्याकडे आहे. एफ कॉलम समोर दिसत नव्हता, त्यामुळे तिथला आकडा काढायचा राहून गेला. चूक माझी. ए-४ कागदावर शीट एका पानात बसावी म्हणून ते कॉलम लपवले होते, नंतर डोळ्याआड झाले.

बी-१०१: माझी गाडी आहे, माझे बरोबर आहेत मग. धन्यवाद.

सी-५०१: काका, आधी एक काम तातडीने करा. ही फाइल ग्रुपवरून काढा. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’. कारण सांगते, पण आधी काढा.

बी-३०४ खजिनदार काका: काढली. काय झालं?

सी-५०१: पार्किंगच्या पुढचे चार कॉलम मी उघडून बघितले. जी मध्ये सगळ्यांचे मोबाईल नंबर. एच मध्ये अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं ते. आय मध्ये घराची चावी कोणाकडे असते. आणि जे मध्ये कोण एकटं राहतं, कोणाचं घर कोणत्या महिन्यांत बंद असतं. ही तीच यादी आहे ना, लॉकडाऊनमध्ये औषधं पोचवायला केलेली?

बी-३०४ खजिनदार काका: हो, तीच. मूळ फाइल एकच आहे, २०२० पासून तिच्यातच भर घालत आलोय. मला खरंच वाटत होतं की लपवलेलं समोरच्याला जात नाही.

ए-२०२: मीपण तेच समजत होतो.

सी-५०१: बहुतेकांना तसंच वाटतं काका, म्हणून सविस्तर लिहिते. मी ऑडिटच्या कामात रोज अशा शीट बघते.

कॉलम लपवणं म्हणजे त्याची रुंदी शून्य करणं, एवढंच. मजकूर होता तिथेच, फाइलच्या आत असतो. उघडायला पासवर्ड लागत नाही. ई च्या अक्षरावर माउस दाबून के पर्यंत ओढायचं, राइट क्लिक, ‘अनहाइड’. दहा सेकंदांचं काम. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली, मेलवरून गेली, पेनड्राइव्हवरून गेली, तरी कॉलम तिच्यासोबत जातात. बघणाऱ्याच्या फक्त लक्षात येत नाही. लक्षात यायची खूण मात्र सोपी आहे: अक्षरांच्या क्रमात खंड पडतो आणि त्या जागी दुहेरी रेघ दिसते. कोणाचीही शीट हातात आली की मी आधी ती पट्टी डावीकडून उजवीकडे वाचते, आकडे नंतर.

डी-४०३: एवढं काय त्यात? आपण सगळे एकाच सोसायटीतले. नंबर तर सगळ्यांकडे आहेतच.

सी-५०१: दादा, या ग्रुपवर १४० नंबर आहेत. घर विकून गेलेले दोन जुने मालक आहेत, भाड्याची घरं लावून देणारे एजंट आहेत, आपण कधी भेटलोही नाही असे भाडेकरू आहेत. त्यातला कोणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ‘ए-१०३, एकट्या राहतात, चावी समोरच्या घरी’ हे वाक्य त्या १४० जणांच्या फोनमध्ये असावं का? आजींनी ते आपल्याला विश्वासाने लिहून दिलं होतं.

ए-१०३ आजी: मी वाचते आहे सगळं. मला रात्री काही झालं तर दार उघडता यावं म्हणून दिली होती ती माहिती.

बी-३०४ खजिनदार काका: वहिनी, माफ करा. मी आत्ता खाली येऊन भेटतो तुम्हाला.

ए-२०२: शीटला पासवर्ड लावला तर? रिव्ह्यूमध्ये ‘प्रोटेक्ट शीट’ असतं ना.

सी-५०१: त्याने राइट क्लिकचं अनहाइड बंद होतं, पण माहिती सुरक्षित होत नाही. दुसऱ्या कोऱ्या फाइलमध्ये बरोबरच्या (=) खुणेने त्या शीटमधल्या एच ५ चा पत्ता दिला की तिथला मजकूर समोर येतो. कोणी चुकून आकडे खोडू नये यासाठी ते कुलूप आहे. पूर्ण फाइलला उघडायचा पासवर्ड लावणं वेगळं, ते खरं कुलूप. पण तो पासवर्ड १४० जणांना द्यायचा तर उपयोग काय?

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून स्प्रेडशीट दिली. तिच्यात एक लपलेली शीट राहून गेली, ९,४८३ अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि काम कुठे करतात ते. पोलिसांवर हल्ले होण्याचा इतिहास असलेला तो भाग. पुढच्या वर्षी साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. त्यांच्याकडे तर माहिती सांभाळायला वेगळे लोक होते.

डी-४०३: बरं, पटलं. मी फाइल उतरवून घेतली होती, फोनमधून पण काढली आत्ता.

सी-५०१: धन्यवाद दादा. ग्रुपवरून काढली तरी ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडे ती राहते. सगळ्यांना विनंती, फोनच्या आणि लॅपटॉपच्या डाउनलोडमधून काढा आणि इथे ‘काढली’ असं लिहा.

बी-१०१: काढली.

सी-२०३: काढली.

ए-२०२: काढली. काका, पण हिशेब मात्र आम्हाला दिसायला हवा. पीडीएफ टाकून नुसती रक्कम दाखवली तर १,२०० कुठून आले ते कळलंच नसतं.

सी-५०१: अगदी बरोबर. म्हणूनच पार्किंगचा कॉलम लपवायचा नाही. ज्याच्यावर बेरीज उभी आहे ते दिसलंच पाहिजे. काढायचे ते जी ते जे, आणि तेही लपवून नाही, वेगळ्या फाइलमध्ये नेऊन.

काका, असं करा. मूळ फाइलची एक प्रत जपून ठेवा. मग एफ उघडा, ए-२०२ चा आकडा दुरुस्त करा. मग फक्त दिसणारा भाग निवडून ऑल्ट आणि अर्धविराम दाबा. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं कॉपी केलं तर लपलेले कॉलमही सोबत कॉपी होतात. मग कॉपी, आणि नव्या फाइलमध्ये ‘पेस्ट व्हॅल्यूज’, म्हणजे एकूणमध्ये फॉर्म्युल्याऐवजी आकडा जाईल. नाहीतर कॉलम सरकल्यावर फॉर्म्युला भलतंच काही मोजेल. शेवटी फाइल, इन्फो, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’. लपलेल्या ओळी-कॉलम उरले असतील तर तो सांगतो. तिथलं ‘रिमूव्ह ऑल’ मूळ फाइलवर मात्र दाबू नका, माहिती कायमची जाईल.

बी-३०४ खजिनदार काका: ऑल्ट अर्धविराम मला माहीत नव्हतं. सीएसव्ही करून पाठवली असती तर?

सी-५०१: सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला नुसता मजकूर. त्यात लपलेले कॉलमही उतरतात काका, आणि समोरच्याला ते उघडेच दिसतात. छापील कागदात आणि पीडीएफमध्ये येत नाहीत. तरी पाठवण्याआधी पीडीएफ एकदा स्वतः उघडून बघाच.

बी-३०४ खजिनदार काका: अडचणीच्या वेळची यादी वेगळी केली, पासवर्ड लावून. ती मी आणि सेक्रेटरी, दोघांकडेच राहील. वॉचमनच्या टेबलावरची छापील प्रतही काढून आणली. पुढच्या सभेत प्रत्येकाला विचारून नव्याने भरू, ज्यांना नको त्यांचं नाव नाही घालणार.

ए-१०३ आजी: माझं ठेवा. चावी आता दुसरीकडे दिली आहे, ते तुम्हाला समोरासमोर सांगते.

बी-३०४ खजिनदार काका: हो वहिनी, येतोच आहे.

नवी पीडीएफ टाकली आहे. कॉलम ए ते एफ आणि त्यानंतर एकूण. ए-२०२, तुमचे १५,६००. बाकीच्यांनी पार्किंगचा आकडा मुद्दाम बघा, आणखी कोणी जागा सोडली असेल तर आज रात्रीच सांगा.

सी-२०३: काका, आमची स्कूटर जूनमध्ये गेली. पत्र द्यायचं राहिलंय, उद्या सकाळी देतो.