मदत हवी आहे: राज्यपाल पदावर असताना पोलीस तपास तरी करता येतो का? (राज्यघटनेचं कलम ३६१)

नमस्कार, मी नांदेडला अभ्यासिकेत बसून जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षा) तयारी करायलेय. तीन दिवस झाले आमच्यात कलम ३६१ वरून वाद चालूय, एक जण ठासून म्हणायलाय की राष्ट्रपती नायतर राज्यपालानं काहीही केलं तरी जन्मभर केस होत नाही, मला ते अजिबात पटंना.

३६१(२) मधे स्पष्ट आहे की पदावर असेपर्यंत फौजदारी कार्यवाही सुरू करता येत नाही अन् आधीची असली तर पुढं चालवताही येत नाही. पण पद गेलं की संरक्षण गेलं! कल्याणसिंहांचं बघा ना, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं बाबरी खटल्यात कटाचा आरोप परत लावला तेव्हा ते राजस्थानचे राज्यपाल होते म्हणून त्यांचं थांबलं, अन् सप्टेंबर २०१९ ला पद गेलं तर त्याच महिन्यात लखनौच्या कोर्टात हजर व्हावं लागलं (२०२० ला सगळे निर्दोष सुटले, ते वेगळं). पंतप्रधान, मुख्यमंत्र्यांना तर हे कलम लागूच नाही. अमेरिकेत उलटं, २०२४ च्या ट्रम्प निकालात पदाच्या कामाला पद सोडल्यावरही संरक्षण दिलंय, खासगी कृत्याला नाही.

आता माझी खरी अडचण. एखाद्या बाईनं राज्यपालाविरुद्ध तक्रार दिली तर तिचा जबाब, सीसीटीव्ही, मेडिकल हे सगळं पाच वर्षं तसंच पडून राहायचं का? तोवर पुरावा राहतोय का कुठं? अन् एक वर्षाच्या वर ते तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला कोर्टानं दखल घ्यायची मुदतच तीन वर्षांची आहे, मग राज्यपालाची टर्म संपेपर्यंत ती निघून नाही का जाणार? कुणी वकील असेल तर सांगा प्लीज, मला झोप येईना.

प्रतिसाद:
ताई, मी लातूरला प्रॅक्टिस करतो. मुदतीचं टेन्शन घेऊ नका, बीएनएसएस (नवीन फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम ५१९ वाचा, उशिराचं कारण पटलं तर कोर्ट मुदतीनंतरही दखल घेऊ शकतं, अन् तीन वर्षांच्या वर शिक्षा असली तर मुदतच नसते. तपासाचं म्हणाल तर ३६१(२) मधले 'कोणत्याही न्यायालयात' हे शब्द पकडा. पोलीस ठाणं म्हणजे न्यायालय नव्हे, असा युक्तिवाद होतो. कोलकात्याच्या राजभवनातल्या एका महिला कर्मचारीनं २०२४ मधे हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात नेला अन् कोर्टानं नोटीसही काढली.

धागाकर्ती:
लई आभार दादा, 'न्यायालयात' हा शब्द मी दहादा वाचून पण सोडला होता. मग अटक न करता नुसते साक्षीदारांचे जबाब घेतले तर ३६१(३) ची (पदावर असताना अटकेचा आदेश काढता येत नाही, ते) आडकाठी येते का, तेवढं सांगा.