जावाचं सेटअप करताना तुमचा घाम कशानं काढला? (अनुभव धागा)

काल कूलर काढायला माळ्यावर चढलो. कूलरच्या गवती ताट्या पार भुसा झाल्या होत्या, पण त्यांच्या मागं एक सीडी सापडली. मार्करनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'एक्लिप्स + टॉमकॅट + सगळे जार. कोणी हात लावू नये.' (एक्लिप्स म्हणजे जावा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, टॉमकॅट म्हणजे जावाची वेबसाइट चालवणारा सर्व्हर, जार म्हणजे जावाच्या तयार कोडच्या फाइली.) शिडीवरच बसलो पाच मिनिटं. खालून बायको विचारते, चक्कर आली का.

२००९ चा उन्हाळा, फायनल इयर, त्रिमूर्ती नगरची खोली. प्रोजेक्ट अर्थातच ग्रंथालय व्यवस्थापन. (तेव्हा नागपुरात जितकी ग्रंथालयं नव्हती तितके हे प्रोजेक्ट होते.) बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाऊनलोड फुकट, म्हणून दोनचा गजर लावून एक्लिप्स गॅनिमीड उतरवलं. सकाळी उघडलं तर 'न्यू'मध्ये 'डायनॅमिक वेब प्रोजेक्ट' दिसेचना. मित्र म्हणे प्लगिन (वरून जोडायचा भाग) टाक, डब्ल्यूटीपी नावाचं, वेब प्रोजेक्टसाठी. ते उतरवलं तर त्याला ईएमएफ पाहिजे. ईएमएफ आणलं तर जीईएफ पाहिजे. लग्नात मानपान असतो तसं, एकाला बोलावलं की त्याचे तीन रुसलेले. सगळ्या झिप 'प्लगिन्स' फोल्डरमध्ये कोंबल्या, तेव्हापासून एक्लिप्स उघडायचंच बंद झालं. चार रात्री गेल्या.

पाचव्या दिवशी एका सीनिअरनं पाहिलं अन् हसत सुटला. मी साध्या 'जावा डेव्हलपर्स'वाली झिप घेतली होती. शेजारीच 'जावा ईई' (वेब अन् मोठ्या कामांची जावा) 'डेव्हलपर्स'वाली होती, त्यात हे सगळं आधीच भरलेलं. वाचलं असतं तर एका रात्रीचं काम. त्यानंच ही सीडी जाळून दिली.

तुमचेही किस्से टाका.

ताटी_बदललेला
पहिला मीच. 'जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड.' (जावासी म्हणजे जावाचा कंपायलर.) क्लासमधल्या सरांनी सांगितलं पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथं शोधते त्या पत्त्यांच्या यादीत) जावाच्या बिन फोल्डरचा पत्ता टाका. टाकला. जुनं सगळं पुसून टाकला. एक्सपीत तो डबा एका ओळीचा, आत किती लांब मजकूर आहे तेच दिसत नव्हतं. जावासी चाललं हो मस्त, पण पिंग चालेना, आयपीकॉन्फिग चालेना. शेवटी विंडोज नव्यानं टाकली. सेमिकोलन देऊन पुढं जोडायचं असतं हे मले नोकरीत कळलं.

धंतोलीची_लेक
मेले हसून 😂 विंडोजच टाकली नव्यानं?

ताटी_बदललेला
ताई, तेव्हा आमच्याकडे दर आजारावर तेच औषध होतं.

लॅबवाली मॅडम
मी दुसऱ्या बाजूची. तीस मशीन, प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले. टॉमकॅट एकाही मशीनवर सुरू होईना, '८०८० पोर्ट आधीच वापरात आहे'. आदल्या दिवशी मीच सगळीकडे ऑरेकल एक्सई १०जी हा डेटाबेस टाकला होता, अन् त्याचं वेब पानही ठरल्याप्रमाणं ८०८० वरच बसतं. दोघांना एकच खुर्ची. नेटस्टॅट कमांडनं कोण बसलंय ते पाहिलं, मग प्रत्येक मशीनवर टॉमकॅटची सेटिंगची फाईल सर्व्हर डॉट एक्सएमएल उघडून टॉमकॅटला ८०८१ दिलं. तोवर परीक्षकांचा दोनदा चहा झाला. एक पोरगा पेपरात लिहून गेला, 'टॉमकॅटचा पोर्ट ८०८१ असतो.' मार्क द्यावे लागले.

गुरुबळ
गॅनिमीड वाचून आठवलं, एक्लिप्सच्या आवृत्त्यांची नावं. २००६ कॅलिस्टो, २००७ युरोपा, २००८ गॅनिमीड, तिन्ही गुरूचे चंद्र. अन् २००९ ला थेट गॅलिलिओ, ज्यानं १६१० मध्ये ते दुर्बिणीतून पाहिले. माझ्या आजीला हे सांगितलं तर म्हणे, मग बरोबर, तुझ्या पत्रिकेत गुरूच वक्री आहे.

बेसा_रोड
मिहानमधल्या (नागपूरचा कंपन्यांचा पट्टा) एका कंपनीत पहिला दिवस. सेटअपसाठी एक वर्ड फाईल दिली, ४२ पायऱ्या. सतरावी पायरी: 'इथे अमुकला विचारा.' अमुक सहा महिन्यांपूर्वी पुण्याला गेलेला. मी फोन केला तर तो म्हणे, अजून तीच फाईल वापरून राहिले का बे?
एक्लिप्स ६४ बिट, जावा ३२ बिट. जेव्हीएम डॉट डीएलएल लोड होत नाही म्हणून रोज ओरडायचं. दोन्ही एकाच बिटचं लागतं, एवढंच होतं. मग मेव्हननं (लागणाऱ्या जार आपोआप आणणारं साधन) पहिल्या बिल्डला जी जार उतरवायला सुरुवात केली, ती जेवून आलो तरी चालूच. प्रॉक्सी (कंपनीच्या नेटचा मधला सर्व्हर) टाकली नव्हती म्हणून अर्ध्यात अडकलेलं. सेटिंग्ज डॉट एक्सएमएलमध्ये टाकायची असते हे त्या ४२ पायऱ्यांत नव्हतं. ४३ वी मी जोडली.

सौ_सॉफ्टवेअर
मी प्रोग्रामर नाही, फक्त लग्न केलंय एकाशी. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा घरी आला तेव्हा सोफ्यावर झोप लागली, अन् झोपेत म्हणाला 'पर्मजेन स्पेस'. आईला वाटलं कोण्या मुलीचं नाव.

लॅबवाली मॅडम
😂😂 सौ ताई, पर्मजेन ही जावाची मेमरीतली एक जागा. त्यांना सांगा जावा ८ मध्ये २०१४ लाच ती गेली. आता मेटास्पेस आली.

सौ_सॉफ्टवेअर
म्हणजे दुसरी?

बेसा_रोड
काय हसवता राव मीटिंगमध्ये. ज्यांचं एक्लिप्स अजून चुकीचा जावा उचलते त्यांच्यासाठी: एक्लिप्स डॉट आयएनआयमध्ये मायनस व्हीएम एका ओळीवर, जावाचा पत्ता त्याच्या खालच्या ओळीवर, अन् दोन्ही व्हीएमआर्ग्जच्या वर. एकाच ओळीत लिहिलं की तो ढुंकून पाहत नाही. माझा यावर एक शनिवार गेला.

सेकंड_इयर
दादा लोक, हे सगळं जुनं झालं पण मी या महिन्यात दोन दिवस घातले. जुना व्हिडिओ पाहून सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्राम) लिहिलं, सगळं हिरवं, चालवलं की एरर. टॉमकॅट १० टाकला होता.

लॅबवाली मॅडम
बाळा, १० पासून 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट'चं 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' झालं. जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण जुनं नाव सोबत नाही गेलं. सासरी गेल्यावर आडनाव बदललं समज. व्हिडिओ जुना असेल तर टॉमकॅट ९ घे, नाहीतर इम्पोर्ट बदल.

सेकंड_इयर
चाललं!!! धन्यवाद मॅडम. इतके दिवस कॉलेजात कोणी सांगितलं नाही.

महालचा_माणूस
माझं तंत्र साधं. काहीही बिघडलं की वर्कस्पेसमधला (एक्लिप्सच्या कामाच्या फोल्डरमधला) मेटाडेटा फोल्डर उडवायचा अन् मोठ्यानं म्हणायचं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'. दहापैकी सातदा चालतं. पण दहाही वेळा प्रोजेक्ट परत इम्पोर्ट करत बसायचं, सर्व्हर परत जोडायचा, अन् फॉण्टही परत मोठा करायचा.

धंतोलीची_लेक
विषयांतर, पण ताट्या कुठून आणल्या? आमच्याकडे अजून मागच्या वर्षीच्याच आहेत, हवा कमी अन् वास जास्त.

ताटी_बदललेला
नाव पाहून विचारलं का ताई? इतवारीत पाहा. मोटर आत्ताच तपासून घ्या, मे मध्ये मेकॅनिक भेटत नाही.

धागाकर्ता
दिवसभर कामात होतो, आत्ता वाचलं सगळं. मॅडम, परीक्षकांचा किस्सा बायकोलाही वाचून दाखवला. एक अडचण आहे: सीडी आहे, पण घरातल्या एकाही लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. कोणाकडे सीडी वाचणारं यंत्र आहे का? मनीष नगर, बेसा, कुठंही येतो.

महालचा_माणूस
माझ्याकडे जुना डबा आहे, ड्राइव्ह चालते. पण त्याच्यावर आईनं भाजणीचे डबे ठेवलेत. रविवारी या, हलवू. तर्री पोहे तुमच्याकडून.

गुरुबळ
मीपण येतो. सीडीसाठी नाही, पोह्यांसाठी.