कच्चं खायचं आणि पळायचंही: नागपूरकरांनो, मोजमापासकट लिहा

न शिजवता खायचं, पण व्यायाम सोडायचा नाही, असं ठरवणाऱ्यांसाठी हा धागा. अंबाझरीला पळणारे, सेमिनरी हिल्सचा चढ चढणारे, काटोल रोडने सायकल हाणणारे, सगळ्यांनी लिहा. ‘हलकं वाटलं’ एवढंच नको. किती ग्रॅम, किती तास, कोणता महिना, काय बिघडतं आणि का, ते हवं. दुसऱ्या शहराचं वेळापत्रक इथे तसंच्या तसं चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १०-१२ वर येतो, त्यामुळे एकाच मुगाला मोड आणायला दोन हिशेब लागतात.

अंबाझरीचा धावपटू

सगळ्यात आधी उष्मांक मोजा. कच्च्या आहारात पोट भरतं, पण ऊर्जा भरत नाही आणि बहुतेकांचं इथेच फसतं. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साधारण १७० किलोकॅलरी मिळतात. तेवढ्याच काकडीतून हव्या असतील तर सव्वा किलोच्या आसपास काकडी चावावी लागेल.

६० किलो वजनाचा माणूस १० किलोमीटर पळला की अंदाजे ६०० किलोकॅलरी जातात. त्याच्या दिवसाचा एक नमुना देतो: केळी ५, बी काढलेला खजूर १०० ग्रॅम, फल्लीदाणे (शेंगदाणे) ७०, ओलं खोबरं ५०, तीळ आणि जवस मिळून ३०, मूग ६० (कोरडे मोजून), संत्री ४, पेरू ३०० ग्रॅम, काकडी-गाजर-टमाटर-कोबी मिळून अर्धा किलो. बेरीज २२०० च्या थोडी वर जाते आणि प्रथिनं ६५ ग्रॅमच्या आसपास मिळतात.

आता यातली अडचण. या ताटात तंतू ७० ते ८० ग्रॅम होतात. नेहमीच्या जेवणात ३०-४० असतात. एका आठवड्यात एवढी उडी मारली की पोट फुगतं, मुरडा येतो आणि चौथ्या किलोमीटरला झाडं शोधावी लागतात. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचं खाणं कच्चं ठेवा, पुढचे दोन आठवडे दुपारचंही. माझं स्पष्ट मत विचाराल तर रोज तासभर पळणाऱ्याने रात्रीचं वरण-भाकरी सोडूच नये.

महालातली काकू

मोडांबद्दल नीट लिहिते, कारण कच्च्या ताटात सगळ्यात जास्त धोका मोडांतच असतो. दाण्याला मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना लागते.

मूग निवडा, तीन पाण्यांनी धुवा. पिण्याच्या पाण्यात भिजवा: हिवाळ्यात ८-१० तास, एप्रिल-मेमध्ये ६ तास पुरे, आणि तेही मधे एकदा पाणी बदलून. भिजवलेलं पाणी टाकून द्या. गॅस करणाऱ्या साखरा थोड्याफार त्यात उतरतात. मग चाळणीत पूर्ण निथळू द्या. ही पायरी घाईत उरकली की तळाशी पाणी साचतं आणि मूग बुळबुळीत होतात. उकळून वाळवलेल्या पातळ सुती कापडात सैल बांधा, घट्ट झाकणाच्या डब्यात नको. उन्हाळ्यात दर ५-६ तासांनी पिण्याच्या पाण्याने धुवून पुन्हा निथळा. १० ते १२ तासांत अर्धा सेंटिमीटर मोड येतो, तेवढा पुरतो. डिसेंबर-जानेवारीत २४ ते ३० तास लागतात.

गाठोडं कूलरसमोर टांगू नका. कापड ओलं राहतं खरं, पण टाकीतल्या साचलेल्या पाण्याचे तुषार थेट त्यावर येतात.

आंबट वास आला, तार सुटली, तर धुवून वाचवायला जाऊ नका, फेकून द्या. जंतू दाण्याच्या आतही असू शकतात, वरून धुतल्याने ते जात नाहीत. चांगले मोड फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. मटकी मुगापेक्षा लवकर वास धरते. गरोदर बाई, लहान मूल, घरातली म्हातारी माणसं, औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना मोड वाफवूनच द्या.

काटोल रोडचा सायकलवाला

काकूंनी जंतूंचं सांगितलं, मी मिठाचं सांगतो. फळं-भाज्यांत पोटॅशियम भरपूर, सोडियम फार थोडं. पूर्ण कच्च्या ताटात भाजी-वरणाचं मीठ येतच नाही. इकडे एक लिटर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त. आपली हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडतो, अंग कोरडं दिसतं आणि किती गेलं ते कळत नाही.

निघण्याआधी आणि आल्यावर, कपडे काढून, अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे एक लिटर, वाटेत प्यायलेलं त्यात मिळवा. दीड तासापेक्षा लांब फेरीसाठी एक लिटर पाण्यात सपाट पाव ते अर्धा चमचा मीठ, सहा चमचे साखर आणि एक लिंबू. साखरेऐवजी खजूर भिजवून, गाळून घातला तरी चालतो. नुसतं नारळपाणी पुरत नाही, त्यातही पोटॅशियमच जास्त असतं. नुसतं साधं पाणी ढोसणं तर सगळ्यात वाईट, रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

धागाकर्ता

भाऊ, पळण्याआधी काय आणि किती वेळ आधी, हेही कुणी सांगा. पहाटे पाचला टरबूज चालेल का?

सेमिनरी हिल्सवाली

टरबूज आधी नको. किलोभर टरबुजात फक्त ३०० किलोकॅलरी, बाकी पाणीच. शिवाय त्यातली फळसाखर काहींना नीट पचत नाही, हादऱ्यांनी पोट ढवळतं. आंब्याचंही तेच. ते परतल्यावर खा.

निघण्याच्या पाऊण तास आधी एक पिकलेलं केळं आणि दोन-तीन खजूर, एवढंच. हिरवट केळं नको, त्यातला स्टार्च लवकर पचत नाही. मोड, कोबी, दाणे यांच्यानंतर तीन-चार तास जाऊ द्या, म्हणजे ते परतल्यावरच्या खाण्यात घ्या. पळून आल्यावर अर्ध्या तासात संत्री आणि भिजवलेले फल्लीदाणे. संत्र्याचे दोन हंगाम, म्हणजे आंबिया बहार सप्टेंबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्च, धरले तर अर्धं वर्ष संत्र्याची सोय घरचीच. आंबट फळानंतर लगेच ब्रश करू नका, चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ

दोन गोष्टी प्रत्येकाने वाचाव्यात, अगदी कळकळीने सांगते.

पहिली, बी-१२. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. दूध-दही सोडून पूर्ण कच्चं खाणार असाल तर गोळी हवीच, मात्रा तपासणीनंतर ठरते. कच्च्या पानांत फोलेट (बी-९ जीवनसत्त्व) भरपूर असतं. ते रक्तक्षयाची खूण झाकून टाकतं आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. पायांना मुंग्या येऊ लागल्या तर वाट बघू नका. बी-१२ साठी न उकळलेलं दूध पिणं हा उपाय नाही, त्यातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात.

दुसरी, मुलींसाठी. जर्मनीतल्या गीसेनच्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कच्चा आहार घेणाऱ्या ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली किंवा थांबली होती. वजन जितकं उतरलेलं, तितका त्रास जास्त. त्यावर रोजचा व्यायाम आला की ताण वाढतो आणि हाडंही झिजतात. पाळी पुढे जायला लागली की धावणं कमी करा, शिजवलेलं सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा. ‘शरीर शुद्ध होतंय’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पालकाचा कच्चा रस रोज नको. त्यात ऑक्सॅलेट जास्त, आणि उन्हाळ्यात लघवी घट्ट झाली की खड्याला आमंत्रणच. त्याऐवजी मेथी, सांबार (कोथिंबीर), कोबी घ्या.

कळमेश्वरचा शेतकरी

कच्चं काय खाऊ नये, ते थोडक्यात. राजमा कच्चा नाही, मोड आणूनही नाही. त्यातल्या लेक्टिनने काही तासांत उलट्या-जुलाब होतात, दहा मिनिटं खळखळ उकळल्यावरच तो खाण्याजोगा होतो. सोयाबीन कच्चं नाही, प्रथिनांचं पचन अडतं. लाखोळीला (लाखेच्या डाळीच्या दाण्यांना) तर मोड आणूच नका, तिच्यातलं विष पायाच्या नसांवर जातं. जवस दिवसाला एक-दोन चमचे, तेही दळून, आख्खं तसंच बाहेर पडतं. फल्लीदाणे सुरकुतलेले, काळपट किंवा कडू लागले तर वेचून टाका, बुरशीचं विष धुण्याने जात नाही.

महालातली काकू

धुण्याचं राहिलं. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने किडे-अळ्या सुटतात, जंतू मरत नाहीत. कोबीची वरची तीन-चार पानं काढा आणि एकेक पान वाहत्या, पिण्याच्या पाण्याखाली चोळा. जंताची अंडी मातीसोबत पानांच्या घड्यांत बसतात. संत्रं, टरबूज कापायच्या आधीच धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीने आत जाते. आणि गाडीवरची कापलेली फळं मे महिन्यात अजिबात नकोत.