मदत हवी आहे: उबंटूवर बारकोड स्कॅनरला परमिशन डिनाइड

ग्रंथपाल_२: वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी यूएसबी बारकोड स्कॅनर लावलाय, पायथनचा प्रोग्राम तो वाचतो. सुडोने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या रूट युजरच्या नावाने, चालवला की चालतो, नुसता चालवला की परमिशन डिनाइड (परवानगी नाही). रूटने चालवायचा नाहीये. उद्या सकाळच्या आत हवंय, पटकन सांगा.

सांगलीकर: स्कॅनरचं इनपुट ज्या इव्हेंट फाइलमधून वाचतात तिच्यावर सीएचमॉड ७७७ मार, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, विषय संपला. आमच्या दुकानात तेच करतो.

ग्रंथपाल_२: केलं. वायर काढून लावली की परत तेच, इव्हेंटचा नंबरपण बदलतो.

टर्मिनलकर: बदलणारच. त्या फाइली डिस्कवर नसतात, डिव्हाइस लावलं की नव्याने बनतात. ७७७ नका सांगू कुणाला. स्कॅनर कुठल्या पद्धतीने वाचताय, एव्हडेव्हने (इव्हेंट फाइलीतून) का हिडरॉने (थेट कच्चा डेटा)?

निळू: स्कॅनर म्हणजे कीबोर्डच की. बॉक्समध्ये कर्सर ठेव आणि स्कॅन कर, कशाला एवढा खटाटोप.

ग्रंथपाल_२: मशीनला स्क्रीनच नाहीये! एव्हडेव्ह.

सांगलीकर: मग युजरला इनपुट ग्रुपमध्ये (इव्हेंट फाइली वाचायचा हक्क असलेल्या गटात) टाक आणि परत लॉगिन कर.

टर्मिनलकर: अहो, इनपुट ग्रुप दिला की तो युजर मशीनवरचे सगळेच कीबोर्ड वाचू शकतो, कुणी टाइप केलेला पासवर्डसुद्धा. एका स्कॅनरसाठी एवढं दार उघडायचं? यूडेव्ह रूल लिहा, म्हणजे डिव्हाइस लावलं की त्याला कुठले हक्क द्यायचे ते ठरवणारा नियम. एलएसयूएसबी कमांडने स्कॅनरचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी काढा, रूलमध्ये त्या आयडीच्या डिव्हाइसला यूअ‍ॅक्सेस टॅग (लॉगिन केलेल्या युजरला डिव्हाइस वापरू देणारी खूण) लावा, रूलच्या फाइलचं नाव ७० ने सुरू करा, ७३ च्या पुढे गेलं तर टॅगचा उपयोग नाही. रूल रीलोड करून स्कॅनर काढून लावा.

चाफा: ऑफिसात पेनड्राइव्ह बंद करायचे तर यूएसबी-स्टोरेज मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, आम्ही तेच केलंय.

ग्रंथपाल_२: पेनड्राइव्हचं कोणी विचारलंय? टर्मिनलकर, रूल टाकला. स्क्रीन जोडून लॉगिन केलं तर चालतो, मशीन चालू झाल्यावर आपोआप चालत नाही.

टर्मिनलकर: आपोआप म्हणजे सिस्टमडी सर्व्हिस, लॉगिन न करता मागे चालणारी?

ग्रंथपाल_२: हो मग, स्क्रीन नाही म्हटल्यावर अजून कसा चालणार.

टर्मिनलकर: हे आधी कळायला हवं होतं. यूअ‍ॅक्सेस फक्त मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्याला परवानगी देतं, सर्व्हिसला नाही, एसएसएचने दुसऱ्या मशीनवरून लॉगिन केलेल्यालाही नाही. बारकोड नावाचा वेगळा सिस्टम ग्रुप करा, रूलमध्ये टॅग काढून ग्रुप बारकोड आणि मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचायचा-लिहायचा हक्क) लिहा, सर्व्हिसच्या युजरला तो ग्रुप द्या. त्याच ओळीत सिमलिंक (न बदलणारं दुसरं नाव) दिली की नंबर बदलायची कटकटही गेली.

ग्रंथपाल_२: चालला!! रीबूट करून, वायर काढून लावून पण पाहिलं. खूप आभार.

निळू: प्रोग्राममध्ये ग्रॅब करायला (स्कॅनर फक्त आपल्याच प्रोग्रामकडे धरून ठेवायला) विसरू नको, नाहीतर स्कॅन केलेले आकडे मागे लॉगिन प्रॉम्प्टवर पण टाइप होत राहतील.

सांगलीकर: इनपुट ग्रुपनेही झालंच असतं की.

टर्मिनलकर: झालं असतं, पण त्या मशीनवर उद्या कुणी कीबोर्ड लावून पासवर्ड टाकणारच ना.